संग्रहालयातील वस्तूंची वैज्ञानिक तपासणी : नव्याने येणाऱ्यांसाठी अनुभवकथन

भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेले विद्यार्थी संग्रहालयाच्या कामाविषयी विचारायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'कोणते यंत्र शिकू?' असा असतो. प्रश्न रास्त आहे, कारण जाहिरातींमध्ये यंत्रांचीच नावे असतात. तरीही मी त्यांना आधी वेगळेच विचारते. समजा, तुमच्यासमोर तांब्याची एक जुनी मूर्ती ठेवली आणि तिच्यावर ओरखडाही न उमटवता यंत्राने अर्ध्या मिनिटात सांगितले की यात कथील १४ टक्के आहे, तर हे १४ टक्के नेमके कशातले? मूर्तीच्या धातूतले, तिच्यावर चढलेल्या गंजातले, की पूर्वी कधी तरी कोणी डागडुजी करताना भरलेल्या डाकातले? या क्षेत्रातला माझा बराचसा काळ या एकाच प्रश्नाच्या निरनिराळ्या रूपांशी झगडण्यात गेला आहे, आणि नव्याने येणाऱ्याने यंत्रांच्या यादीपेक्षा आधी याच प्रश्नाची सवय लावून घ्यावी, असे माझे मत झाले आहे.

उत्खननात मिळालेल्या किंवा संग्रहालयात जपलेल्या वस्तूंच्या तपासणीचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. कार्बन-१४ पद्धतीने काळ ठरवायचा असेल किंवा धातूचा छेद घासून त्याची कणरचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असेल, तर वस्तूचा थोडा तरी भाग काढून घ्यावा लागतो. क्ष-किरण, अतिनील आणि अवरक्त प्रकाश, लेसर या साधनांनी मात्र वस्तू आहे तशी ठेवून तिच्याविषयी बरेच काही कळू शकते, आणि या दुसऱ्या प्रकारालाच व्यवहारात सगळे 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह' तपासणी म्हणतात. आपल्याकडे तिच्यावर भर असण्यामागे जिव्हाळ्याबरोबर कायदाही आहे. पुरावस्तू व कलासंपदेविषयीच्या १९७२ च्या अधिनियमानुसार किमान १०० वर्षे जुन्या वस्तू आणि किमान ७५ वर्षे जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. अशा वस्तूचा मोहरीएवढा कण काढायचा तरी लेखी परवानगी, समिती, पंचनाम्यासारखी नोंद, हे सगळे ओघाने येते, आणि ते तसेच असायला हवे.

वस्तूचा कण काढला नाही म्हणजे तिला काहीच झाले नाही, असे मात्र समजू नये. रामन वर्णपटमापनात, म्हणजे लेसर टाकून परतणाऱ्या प्रकाशावरून पदार्थ ओळखताना, लेसरची शक्ती थोडी जास्त ठेवली, तर शेंदरासारखा शिशाचा रंग त्या बिंदूपुरता भाजून पिवळा पडतो. जलरंगांवर आणि नैसर्गिक रंगांच्या कापडावर पडणारा प्रकाश साचत जातो, त्यामुळे छायाचित्रणाच्या दिव्यांचाही हिशेब ठेवावा लागतो. मातीच्या भांड्याचे क्ष-किरण चित्र काढले की त्या भांड्याला किरणोत्साराची जादा मात्रा मिळते, आणि पुढे त्याचा काळ औष्णिक प्रदीप्तीच्या पद्धतीने (नमुना तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून) काढायचा झाल्यास ती मात्रा आड येते. म्हणून भांडे यंत्राखाली ठेवण्याआधी 'याचा काळ कधी काढायचा आहे का?' असे पुरातत्त्वज्ञाला विचारून घ्यावे. हा प्रश्न विचारला जाताना मी फार थोड्या वेळा ऐकला आहे.

आता मुख्य यंत्राकडे वळू. क्ष-किरण प्रतिदीप्ती, म्हणजे रोजच्या बोलण्यातले एक्सआरएफ, हे या क्षेत्रातले सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन आहे, आणि बंदुकीच्या आकाराचे हातात धरायचे यंत्र आता अनेक संस्थांकडे आलेले आहे. यंत्रातून निघालेले क्ष-किरण वस्तूवर पडतात, अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरच्या कक्षेतला त्याची जागा घेतो आणि ऊर्जेतला फरक नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. ही ऊर्जा मूलद्रव्यागणिक ठरलेली असते. लोखंडाची मुख्य रेषा ६.४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला, तांब्याची ८.०५ ला, जस्ताची ८.६४ ला आणि कथिलाची २५.२७ ला दिसते. या चार आकड्यांमध्ये चांदी आणि शिशाचे आकडे मिळवून ते पाठ करून टाकावेत, कारण यंत्राने स्वतःहून दिलेल्या टक्केवारीच्या तक्त्यापेक्षा समोरचा वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेला किती किरण आले याचा आलेख, वाचता येणे कितीतरी जास्त उपयोगाचे आहे. यंत्र भंगार धातूंच्या वर्गवारीसाठी बनवलेले असते. आपल्यासमोर सातवाहनांचे नाणे आहे, हे त्याला कळण्याचे कारण नाही.

शिकताना सरावासाठी पुरावस्तू मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत. त्यासाठी आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे. पितळी पातेले, तांब्याचा बंब, तळपायाला तेल चोळायची काशाची वाटी आणि कल्हई केलेली परात या चार वस्तू घेऊन एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा कारखान्याच्या यंत्रावर दिवसभर बसायची परवानगी मिळाली, तर पुस्तकातून महिनाभरात कळणार नाही तेवढे त्या दिवसात कळते. काशात तांबे साधारण ७८ आणि कथील २२ टक्के असते, त्यामुळे काशाच्या वाटीचा वर्णपट कथिलाच्या मिश्रधातूचा नमुना म्हणून घेता येतो. कल्हईच्या परातीचा आतला भागही भरपूर कथील दाखवतो, पण ते कथील तांब्यात मिसळलेले नसून वर पसरलेले आहे, आणि हा फरक वर्णपटातच दडलेला असतो.

तो असा ओळखावा. कथिलाची एक रेषा २५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते आणि दुसरी, कमी ऊर्जेची, ३.४४ ला. कमी ऊर्जेचा किरण धातूतून जेमतेम दोन-तीन मायक्रॉन खोलीवरूनच बाहेर येऊ शकतो, तर जास्त ऊर्जेचा किरण त्याच्या कितीतरी पट खोलवरून येतो. परातीत कथील वरच साचलेले असल्यामुळे ३.४४ ची रेषा काशाच्या मानाने उगाचच मोठी दिसते. शिवाय खालच्या तांब्याचे किरण वर येताना कल्हईत अडतात, आणि ८.०५ ची रेषा ८.९० च्या रेषेपेक्षा जास्त अडते, त्यामुळे तांब्याच्या या दोन रेषांचे नेहमीचे प्रमाणही बिघडते. परात घासून घासून जिथे कल्हई उडाली आहे, तिथे यंत्र ठेवून पाहिले की हे सगळे आकडे हळूहळू तांब्याकडे सरकताना दिसतात. एवढे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की मुलामा, लेप, गंज आणि धातू यांतला भेद आयुष्यभर विसरत नाही.

हेच ज्ञान नाण्यांवर लगेच लागू पडते. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा जो साठा सापडला, त्यात क्षत्रप नहपानाची नाणी होती आणि त्यांतली बहुसंख्य गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या चिन्हांनी पुन्हा ठोकलेली होती. अशा चांदीच्या नाण्यांमध्ये तांब्याची भेसळ किती होती, हा आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने मोठा प्रश्न असतो, कारण राजाला चांदीची चणचण भासली की नाण्यातले तांबे वाढते. अडचण अशी की जमिनीत शतकानुशतके पडून राहिलेल्या चांदी-तांब्याच्या नाण्याच्या पृष्ठभागातून तांबे आधी झरून जाते आणि मागे उरलेली वरची कातडी चांदीने समृद्ध होते. नाणे टाकसाळीत आम्लात उकळून उजळलेले असेल, तर हीच गोष्ट पहिल्याच दिवशी घडलेली असते. एक्सआरएफ त्या कातडीचे मोजमाप करते आणि नाणे आहे त्याहून शुद्ध असल्याचे सांगते.

नाणे घासून आतला धातू उघडा करणे हा पूर्वी रुळलेला उपाय होता. आज कोणी तो सुचवला तरी संमती देऊ नये. त्याऐवजी चांदीच्या २२ आणि ३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दोन रेषांवरून वेगवेगळी टक्केवारी काढून पाहावी. दोन्ही उत्तरे जुळली, तर पृष्ठभाग आणि आतला भाग निदान पन्नास-शंभर मायक्रॉनपर्यंत तरी सारखा आहे, असे म्हणता येते. जुळली नाहीत, तर 'पृष्ठभाग समृद्ध' अशी नोंद करून टक्केवारी छापण्याचा मोह आवरावा. नाण्याच्या झिजलेल्या उंचवट्यावर आणि अक्षरांच्या खोलगट भागात वेगळे मोजमाप घेतले, तरी बरेच समजते. शिशाच्या सातवाहन नाण्यांबाबत हा घोळ आणखी वाढतो, कारण शिसे स्वतःच क्ष-किरण इतके शोषून घेते की यंत्राला अगदी वरचा पापुद्राच दिसतो, आणि तो पापुद्रा बहुधा पांढरट क्षाराचा असतो.

मिश्रधातूंच्या कामात दुसरा एक सापळा आहे, तो महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाशी जोडूनच समजावून घेणे बरे. प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशा चार भरीव धातूमूर्ती सापडल्या. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक आहे. पुढे तेथे उत्खनन करणारे एस. ए. साळी यांनी त्यांचा संबंध उत्तर-हडप्पा काळाशी जोडला. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र मूर्तींतील आर्सेनिक १ टक्क्याहून अधिक असल्याकडे बोट दाखवून, ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत अशी आर्सेनिकयुक्त घडण आढळत नसल्यामुळे, त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात असे मत मांडले. इतक्या मोठ्या वादाचा एक खांब एका मूलद्रव्याच्या एका टक्क्यावर उभा आहे, हे लक्षात घ्यावे.

आणि आर्सेनिक हे नेमके असे मूलद्रव्य आहे की एक्सआरएफवर त्याची मुख्य रेषा १०.५४ ला येते आणि शिशाची १०.५५ ला. आपल्या यंत्राला या दोहोंतला फरक दिसूच शकत नाही. त्यामुळे शिसे असलेल्या ब्राँझमध्ये यंत्राने आर्सेनिक दाखवले, तर ते शिशाचीच सावली असू शकते. आणि शिसे भरपूर असेल, तर खरे आर्सेनिक त्याखाली झाकून जाऊ शकते. शिशाची दुसरी रेषा १२.६१ ला आणि आर्सेनिकची ११.७३ ला स्वतंत्र दिसते. त्या दोन रेषा डोळ्यांनी तपासल्याशिवाय 'आर्सेनिक आहे' असे वाक्य लिहू नये. असेच दुसरे उदाहरण क्लोरीनचे. तांब्याच्या वस्तूंना जडणाऱ्या 'ब्राँझ डिसीज'चा (क्लोराइडमुळे वाढत जाणाऱ्या गंजाचा) माग क्लोरीनवरून काढतात. पण ज्या यंत्राच्या नळीत ऱ्होडियमचे लक्ष्य असते, त्याच्या प्रत्येक वर्णपटात ऱ्होडियमची रेषा क्लोरीनला खेटून उभी असते. फिकट हिरवी, भुकटीसारखी निघणारी पूड डोळ्यांना दिसत असेल, तर त्या बाबतीत भिंगावर जास्त विश्वास ठेवावा.

चित्रांच्या कामात यंत्रापेक्षा कॅमेरा आधी येतो. साध्या प्रकाशात, तिरक्या प्रकाशात, अतिनील प्रकाशात आणि अवरक्त प्रकाशात एकाच चौकटीतून घेतलेली चार छायाचित्रे हा कोणत्याही चित्राच्या तपासणीचा पाया असतो. एका खासगी संग्रहातील लघुचित्राचे काम माझ्याकडे आले होते. उत्तर पेशवाईतील म्हणून ते सांगितले जात होते, आणि त्यातील स्त्रीच्या गळ्यात बारीक टिपक्यांनी काढलेली मोत्यांची माळ होती. साध्या प्रकाशात सगळे मोती सारखेच पांढरे दिसत. अतिनील दिव्याखाली मात्र डावीकडचे काही मोती पिवळसर हिरवे चमकले आणि बाकीचे मंदच राहिले. चमकणारे मोती वगळून एक्सआरएफने मोजले, तेव्हा शिसे दिसले, म्हणजे सफेदा. चमकणाऱ्यांत जस्त दिसले. जस्ताचा पांढरा जलरंग बाजारात आला तो १८३४ नंतर, म्हणजे पेशवाई संपल्यावर. संग्राहकाला लागलीच 'चित्र खोटे आहे का?' अशी चिंता पडली. पण चमकणारे मोती तेवढे कागदाच्या एका जुन्या घडीवर होते, घडीवरचा रंग उडाला होता आणि कोणी तरी तो हौसेने परत भरला होता, एवढाच निष्कर्ष त्या पुराव्यातून निघत होता. उरलेले चित्र उत्तर पेशवाईतले आहे, हे त्यातून सिद्ध झाले नाही, आणि अहवालातही तसे लिहिले नाही. यावर आमची थोडी हुज्जत झाली.

अवरक्त छायाचित्रणाचा उपयोग आपल्याकडच्या कागदपत्रांना फार होतो, तरी त्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. दिव्याच्या काजळीपासून केलेली शाई कार्बनची असल्यामुळे अवरक्त प्रकाशातही काळीच राहते, तर लोह आणि मायफळाची शाई पुष्कळ फिकी पडते किंवा दिसेनाशी होते. एखाद्या मोडी कागदावर मूळ मजकूर काजळीच्या शाईने असेल आणि नंतरचे शेरे, शिक्के, सुधारणा दुसऱ्या शाईने असतील, तर एका छायाचित्रात दोन हात वेगळे होतात. मोडी वाचता येणारा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. भेटला, तर त्याला कामाची वाण पडणार नाही.

भित्तिचित्रांची गोष्ट निराळी. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, जिप्सम, काजळ असे जवळपास मिळणारे रंग वापरले, आणि त्याबरोबर अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द हा निळ्या दगडाचा रंगही. निळ्या भागावर एक्सआरएफ लावले, तर लाजवर्द त्याला जवळजवळ दिसतच नाही, कारण त्यातली सोडियम, ॲल्युमिनियम यांसारखी हलकी मूलद्रव्ये हवेतून जाणाऱ्या मोजमापात हरवतात. मग तर्क असा चालवावा लागतो : तांबे नाही, म्हणजे अॅझुराइट (तांब्याचे निळे खनिज) नव्हे, कोबाल्ट नाही, म्हणजे स्माल्टही (कोबाल्टची निळी काच) नव्हे, उरले लाजवर्द किंवा नीळ. अवरक्त प्रकाशाच्या फसव्या रंगांच्या (फॉल्स कलर) छायाचित्रात हे दोन्ही लालसर दिसतात. शेवटी रामन वर्णपटातली ५४८ सेमी⁻¹ ची ठळक रेषा लाजवर्दाचा निवाडा करते. एका प्रश्नाला तीन यंत्रे लागली, आणि त्यांतल्या पहिल्याचे काम 'काय नाही' एवढे सांगण्याचेच होते.

अजिंठ्याच्या संदर्भात टायटॅनियमचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. परदेशी पाठ्यपुस्तकांत वाचलेले असते की चित्रात टायटॅनियम सापडले तर विसाव्या शतकातला टायटॅनियमचा पांढरा रंग समजावा. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड २-३ टक्के सहज असते, आपल्या काळ्या मातीत ते उतरते, आणि अजिंठ्याच्या भिंतींवरचा गिलावा याच खडकाच्या मातीत भुसा, तंतू मिसळून केलेला आहे. रंगाचा थर पातळ असेल, तर क्ष-किरण त्याच्या पार जाऊन गिलाव्यातले लोह आणि टायटॅनियम दोन्ही वर आणतात. म्हणून दख्खनच्या भित्तिचित्रांवर काम करताना रंग नसलेल्या, गिलावा उघडा पडलेल्या जागेचे मोजमाप सर्वांत आधी घ्यावे आणि ते प्रत्येक रंगाच्या वर्णपटाशेजारी ठेवून पाहावे. मातीच्या खापरांनाही हाच नियम लागू आहे. शिवाय अजिंठ्याला १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या राजवटीत आलेल्या चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी लाखेच्या वार्निशाचा वापर केला होता. लाख अतिनील प्रकाशात नारिंगी झळकते, तेव्हा तिथे काय मूळचे आणि काय नंतरचे, याचा विचार या थरापासूनच सुरू करावा लागतो.

मोठ्या सोयींविषयी थोडक्यात सांगते, कारण सुरुवातीच्या काळात तिथवर पोहोचण्याची घाई करू नये. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात न्यूट्रॉन प्रतिमांकनाची सोय आहे. शिशाच्या जाड थरातून न्यूट्रॉन सहज पार जातात, तिथे क्ष-किरण थबकतात. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या त्वरकावर) सूक्ष्म क्ष-किरण प्रतिदीप्तीचे दालन आहे, आणि भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेत कणांच्या त्वरकाने नाण्यांचे विश्लेषण झालेले आहे. बाहेर पाहायचे, तर पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाच्या तळघरात अशा कामासाठी स्वतंत्र त्वरकच बसवलेला आहे. मात्र वस्तू तिच्या संग्रहालयातून अशा केंद्रापर्यंत नेण्यासाठी विमा, बंदोबस्त, वाहतूक आणि परवानग्या यांची जुळवाजुळव महिनोन्महिने चालते, आणि प्रश्न पुरेसा नेमका नसेल तर कोणी सही करत नाही.

प्रत्यक्ष कामाचा दिवस यंत्रापासून सुरू होत नाही. आधी वस्तूची स्थिती लिहून काढायची, नोंदणी क्रमांक आणि मोजपट्टीसह छायाचित्र घ्यायचे, संवर्धकाबरोबर बसून मोजमापाच्या जागा ठरवायच्या आणि त्या छायाचित्रावर आकड्यांनी खुणावायच्या. धातूला नायट्राइलचे हातमोजे घालूनच हात लावावा. कागदाला बहुधा स्वच्छ धुतलेले, कोरडे हात बरे. यंत्राची किरणे चालू असताना वस्तू हातात धरायची नाही, तिपाई वापरायची, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे किरणोत्साराची मात्रा नोंदवणारा बिल्ला लावायचा. एका जागी मी असे पाहिले की यंत्र नवेकोरे होते, पण बिल्ले कपाटात कुलूपबंद ठेवलेले होते आणि किल्ली रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याकडे होती. त्या दिवशी मोजमाप झाले नाही, यावर काही जण नाराज झाले. नाराजी पत्करावी.

शिक्षणाचे मार्ग अनेक आहेत, पण सरळ एकही नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाबरोबर त्याच्या वैज्ञानिक अंगांचा अभ्यास होतो, आणि विज्ञानाच्या पदवीधराला तिथे मातीची, खापरांची, थरांची जी ओळख होते, ती पुढे कुठेच होत नाही. गांधीनगरच्या आयआयटीत पुरातत्त्वविज्ञानाचे केंद्र आहे. संवर्धनाकडे ओढा असेल, तर लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन संशोधन प्रयोगशाळा तिच्या प्रशिक्षणासाठी ओळखली जाते, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात प्रत्यक्ष वस्तूंचे काम जवळून पाहता येते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा १९१७ पासून काम करते आहे; तिचे मुख्यालय देहरादूनला आहे. वरिष्ठ रसायनशास्त्रज्ञांची पदे संघ लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात, पण ती मोजकी असतात, म्हणून त्यांच्या भरवशावर बाकी सगळे थांबवून ठेवू नये. बहुतेकांची सुरुवात प्रकल्पावरच्या कंत्राटी जागेने होते, प्रकल्प संपला की पुन्हा शोध, हे चक्र काही वर्षे चालते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने वारसा संशोधनासाठी स्वतंत्र योजना चालवलेली आहे. तिच्या सूचनांवर लक्ष ठेवावे.

आधी पुरातत्त्व की आधी विज्ञान, असे विचारणाऱ्यांना मी विज्ञान आधी, असे सांगते. वर्णपटाचे गणित उशिरा शिकायला फार जड जाते. नाण्यांची घडण आणि खापरांचे प्रकार जाणकारांच्या सहवासात शिकता येतात. फक्त त्या सहवासात आपण पाहुणे आहोत, ही जाण असू द्यावी. नाणेतज्ज्ञ एका नजरेत ज्याला ओतीव बनावट म्हणतो, त्यासाठी आपल्याला सकाळ घालवावी लागते, आणि त्याचे म्हणणे बहुधा बरोबर निघते.

सॉफ्टवेअरसाठी पैसे लागत नाहीत. एक्सआरएफचे वर्णपट सोडवण्यासाठी पायएमसीए, छायाचित्रांसाठी इमेजजे आणि खनिजांचे रामन वर्णपट ताडून पाहण्यासाठी आरआरयूएफएफ हा संग्रह, हे तिन्ही मोफत उपलब्ध आहे. टक्केवारी छापायची असेल, तर ज्ञात घटकांच्या प्रमाणित धातूतुकड्यांवर यंत्र तपासून घ्यावे आणि ते तुकडे कोणते होते हे अहवालात लिहावे. ज्या अहवालात हे लिहिलेले नाही, त्यातली दशांश चिन्हानंतरची संख्या मी वाचतच नाही. अहवालाची भाषा वस्तूच्या मालकाला, अभिरक्षकाला आणि पुढच्या संशोधकाला एकाच वेळी समजेल अशी हवी : कोणत्या जागी, कोणत्या पृष्ठभागावर, किती खोलीपर्यंत, काय दिसले, आणि त्यातून काय म्हणता येत नाही. प्रत्येक वर्णपटाची मूळ फाइल संग्रहालयाकडे सुपुर्द करावी, कारण आपण काढलेली टक्केवारी कालांतराने कोणी तरी नव्याने काढून पाहील.

उमेदवारीसाठी अर्ज करताना पदव्यांच्या यादीबरोबर असा एखादा छोटा अहवाल जोडला, तर तो वेगळा उठून दिसतो. घरातल्या कल्हईच्या परातीवरचे, चार जागांचे, वर्णपटासह दोन पानी काम चालेल. ते वाचणाऱ्याला अर्जदार कोणते यंत्र चालवतो हे तर कळतेच, शिवाय कथील नेमके कुठे आहे असे विचारायची बुद्धी त्याला झाली की नाही, हेही कळते. अशा अर्जांना मी स्वतः उत्तर देते, आणि जागा नसली तरी प्रयोगशाळा पाहायला बोलावते.